होल्गरने गिळलेली चूक

डेन्मार्कमधल्या रँडर्स गावच्या त्या सहा जणांच्या सॉफ्टवेअर कचेरीत होल्गर क्विस्ट म्हणजे एक प्रस्थ. वय एकोणसाठ, स्वभाव तिरसट, आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी द्यायचा उपदेश ठरलेला: "डेटाबेसने नकार दिला की बोंब मारायची. चूक गिळायची नाही!" ज्याच्या हातून घोळ होईल त्याने शुक्रवारी सगळ्यांना केक आणायचा, अशी तिथली रीत. अकरा वर्षांत होल्गरने केक फक्त खाल्ला होता, आणि तो तसं ऐकवायचाही.

एप्रिलअखेरच्या एका सकाळी ट्रीने नावाच्या बाईचा फोन आला. मुलीला पाळणाघरात जागा मिळावी म्हणून तिने नगरपालिकेच्या साइटवर चार मार्चला अर्ज भरला होता. 'धन्यवाद, अर्ज मिळाला' असं पडद्यावर आलंही होतं. आता यादीत मुलीचं नावच नाही. नंबर लागतो अर्जाच्या तारखेवर. आज नव्याने भरला तर पोर रांगेच्या शेवटी, आणि ट्रीनेची बाळंतपणाची रजा मेअखेर संपत होती.

साइट यांच्याच कचेरीने बांधलेली. होल्गरने कोड उघडला. मुलीचं नाव आस्टा योहाने ओव्हरगोर फ्रेडरिक्सन ब्येरेगोर. आईचं आडनाव हवं, बापाचं हवं, आजीचंही सोडवत नाही! डॅनिशमध्ये लिहिलं की चाळीसच्या वर अक्षरं, डेटाबेसमधला नावाचा रकाना मात्र चाळीस अक्षरांचा. डेटाबेसने अर्ज नाकारला, कोडने ती चूक पकडली, कुणालाही न सांगता टाकून दिली आणि वर बाईंचे आभार मानले. हा तुकडा जानेवारीत लिहिलेला. लिहिणाऱ्याचं नाव शेजारीच होतं: होल्गर क्विस्ट. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

 गप्प बसावं, असं त्याला क्षणभर वाटलंही. मग तो उठून सगळ्यांसमोर म्हणाला, "चूक माझी आहे. डेटाबेसने नाकारलेले किती अर्ज असे बुडाले, मला माहीत नाही."

समोरच्या टेबलावरच्या सिसेलने मान वर केली. कचेरीतली सगळ्यात तरुण तीच. "बुडाले कशाने? डेटाबेस जे जे नाकारतो ते मी परस्पर वेगळ्या फायलीत नोंदवते, वेळेसकट. कचरा साठवतेस म्हणून तूच ओरडला होतास ना?"

"बंद कर म्हणालो होतो मी!"

"तुझं ऐकतंय कोण?"

होल्गरला तिला मिठीच मारावीशी वाटली. फायलीत एकेचाळीस अर्ज जसेच्या तसे निघाले. दुपारपर्यंत नगरपालिकेने जुन्या तारखा मान्य केल्या आणि त्याने चार तासांत पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

ट्रीनेला फोन त्याने स्वतः केला. "तुमची तारीख कायम आहे. एक जूनला जागा मिळतेय."

"सिस्टीमचा घोटाळा होता का?"

"नाही. माझा होता."

 पलीकडे ती रडायलाच लागली. "मला वाटलं, माझंच चुकलं. नवरा रोज म्हणतोय, तू बटणच दाबलं नसशील."

"दाबलं होतंत," होल्गर म्हणाला. "सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी. द्या त्यांच्याकडे फोन, मी सांगतो."