रघुनाथचे वार

व्रतं करणाऱ्या चौघीजणी एकत्र आल्या की पुण्य किती साठतं देव जाणे, किस्से मात्र ढीगभर साठतात!

एका चातुर्मासात मी नेम धरला होता, की गरीब विद्यार्थ्याला दिव्यापुरतं तेल द्यायचं. जळगावात कॉलेज नुकतंच निघालं होतं. शेजारच्या गोदाक्का म्हणाल्या, "भडगावचा एक पोऱ्या शे, भलता हुशार. पन पुढच्या टर्मची फी नाही भरली, तर कॉलेज सुटी जाई."

तेलाची बाटली घेऊन गेले, तर हा पोऱ्या, रघुनाथ, जन्मांध! मी ओशाळून मागं वळले.

"बाटली राहू द्या, काकू," तो म्हणाला. "मला वाचून दाखवणाऱ्या मित्राला दिवा लागतो!"

*

मग आमच्या आळीनं त्याला वार लावून दिले. रोज एका घरी सकाळचं जेवण. प्रत्येकीनं हौसेनं आपापल्या व्रताचाच वार मागून घेतला. सोमवार माझा, मंगळवार गोदाक्कांचा, असं करत आठवडा भरला.

पुढच्या सोमवारी ताटावर बसून तो हळूच म्हणाला, "काकू, जळगावात भगरीशिवाय दुसरं काही पिकत नाही का हो?"

*

गोदाक्कांना वेगळंच कुतूहल. एकदा वाढता वाढता विचारलंच, "का रे, तुले सपन पडतं का?"

"पडतं ना, अक्का. काल वांग्याचं भरीत होतं. वास आला, भाकरी हातात आली..."

"मंग?"

"चातुर्मास आठवला. तसाच उठलो!"

*

फीसाठी मी आणि गोदाक्का त्याला एका शेठजींच्या पेढीवर घेऊन गेलो. तिथला रिवाज असा, की मदत मागणाऱ्यानं आधी शेठजींच्या दिवंगत वडिलांच्या तसबिरीला नमस्कार करायचा. आमच्या पुढची सगळी मुलं तसं करून गेली. रघुनाथ मात्र कोपऱ्याकडे वळला आणि वाकला.

मुनीम ओरडले, "अहो, तसबीर इकडे आहे!"

कोपऱ्यात शेठजींची म्हातारी आई पुटपुटत जपमाळ ओढत बसली होती. तिनं माळ खाली ठेवली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि लेकाला म्हणाली, "इतला पोरं येई गयात, पन मले यानीच देखं!"

शेठजी उठून उभे राहिले. रघुनाथची फी त्याच दिवशी भरली गेली.

तुमच्याकडे यंदा कुणाचं उद्यापन असेल, तर बाई, आधी कॉलेजात जाऊन असा कुणी भगरीला कंटाळलेला आहे का, तेवढं विचारून या.