डावीकडच्या दोन थापा

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. पांढरी साडी, वळणावरचा म्हातारा, अचानक पडलेली थंडी... नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचं आणि दोघांनी हसायचं, असा आमचा रविवार जातो. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आज आहे का, हे मलाच नीट सांगता येणार नाही. पण गेल्या श्रावणात जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. कुणाला गाडीतलं माझ्यापेक्षा जास्त कळत असेल आणि साधं उत्तर सापडलं, तर जरूर कळवा.

तारापूरजवळ आमची चिकूची वाडी आणि कलमांची नर्सरी आहे. माझे वडील, ज्यांना सगळे बापू म्हणायचे, ते गेले आणि वाडी माझ्याकडे आली. वाडीबरोबर त्यांची जीपही आली. फोर व्हील ड्राइव्ह, वर ताडपत्रीचं छप्पर, आणि मूळ रंग कोणता होता यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. डोंगरातल्या पाड्यांवर कलमं पोचवायची तर दुसरी कुठली गाडी तिथे जातच नाही.

या जीपची एक पद्धत आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. एरवी ती मागच्या दोन चाकांवर चालते. चिखलात किंवा चढावर पुढच्या चाकांनाही जोर द्यायचा असेल, तर खाली उतरून पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेली चकती, म्हणजे हब, हाताने फिरवून लॉक करावी लागते. मग आत बसून छोटा गिअर ओढायचा. बापूंचा नियम असा, की उजवा हब चालवणाऱ्याने फिरवायचा आणि डावा डावीकडे बसलेल्याने. फिरवून झाला की मडगार्डवर दोन थापा मारायच्या. म्हणजे, लागला, सोड आता. त्या थापा ऐकल्याशिवाय बापू क्लच सोडत नसत. "माझ्या जीपमंदी पावना कुनी नाय. डावीकडं बसला, त्याची डावी बाजू," असं ते कुणालाही सुनावायचे. एकदा बँकेच्या साहेबांना त्यांनी पांढऱ्या पँटमध्ये चिखलात उतरवलं होतं.

आणि एकदा नवरीला. जानकी आमच्या वाडीत लहानाची मोठी झाली. तिचे आईबाप आमच्याकडेच कामाला होते. रायणीच्या रोपावर चिकूचं कलम बांधायला तिला बापूंनी शिकवलं आणि आज तिच्यासारखा हात नर्सरीत दुसऱ्या कुणाचा नाही, माझाही नाही. तिचं लग्न चिल्हार फाट्याच्या अलीकडे आत डोंगरात, ओहोळापलीकडच्या पाड्यावर झालं. नवरीला सासरी सोडायला बापूंनी जीप काढली आणि मान म्हणून तिला पुढे बसवलं. ओहोळ आला तशी जीप थांबवली आणि तिच्याकडे नुसतं बघितलं. पोरीने मुंडावळ्या मागे सारल्या, नवीन साडीचा काष्टा मारला, खाली उतरली, डावा हब फिरवला आणि मेंदीच्या हाताने दोन थापा मारल्या! मागे बसलेली आम्ही सगळी पोट धरून हसलो होतो. बापू मात्र हसले नाहीत. डोळे पुसत गाडी चालवत होते.

तर ही जीप गेल्या पावसाळ्यात फिटनेसच्या तपासणीत नापास झाली. तपासणाऱ्या साहेबांचं काही चुकलं नाही. हँडब्रेक धरत नव्हता, दोन हेडलाइट दोन गावांकडे बघत होते, आणि आम्ही उभे होतो तेवढ्या वेळात ऑइलने त्यांच्या स्वच्छ फरशीवर थारोळं केलं. शिवाय त्यांनी खाली वाकून पुढचा शाफ्ट हाताने हलवून दाखवला. इंजिनचा जोर पुढच्या चाकांपर्यंत नेणारा जाड लोखंडी दांडा तो. चांगला खडखडला. "मॅडम, हे सगळं करून आणा, नाहीतर स्क्रॅप करा," म्हणाले.

नवरा तारापूरच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. यंत्रांवर त्याची माया नाही. "देऊन टाक भंगारात," तो जेवताना म्हणाला. मी ताटावरून उठले. बापू गेले तेव्हा घरात माणसं होती म्हणून मला धड रडता आलं नव्हतं. मी रडले ती नंतर, या जीपच्या सीटवर बसून. ती भंगारात द्यायची नव्हती, एवढंच.

बेटेगावला दामू मिस्त्रीचं गॅरेज आहे. बापूंच्या वेळेपासूनचा माणूस, हात चांगला आणि तोंड त्याहून चांगलं. जीप त्याच्याकडे टाकली आणि मग रोजचं सुरू झालं... आज पार्ट नाय आला, उद्या वेल्डिंगवाला नाय. एका दुपारी जेवण झाल्यावर मीच तिथे जाऊन धडकले. दामू स्पेअर आणायला बोईसरला गेलेला. जीप शेडमध्ये चारी चाकांवर उभी होती आणि स्टिअरिंगला लाल फडकं बांधलेलं. मला वाटलं, दामू महालक्ष्मीला जाऊन आला असणार, देवीचं कापड बांधलंय. बरं वाटलं. मी हात जोडले.

तेवढ्यात फोन वाजला. जानकीचा नवरा, काशिनाथ.

"ताई, जानकीला घोनस चावली. शेतात, पायाला. पाय सुजलाय लय. ॲम्ब्युलन्स वर डांबरी रस्त्यावर उभी हाय, खाली नाय येत. ओहोळाला पानी हाय. झोळीत घालून आमी कसं नेनार, ताई?"

मी किल्ली खिळ्यावरून काढली. देवीचं कापड सोडून आरशाला बांधलं आणि निघाले. फिटनेस नसलेली गाडी रस्त्यावर आणणं चूक आहे, मला माहीत आहे, त्याबद्दल पत्रं पाठवू नका. हॉर्न वाजवत पाड्याच्या वळणापर्यंत गेले. ॲम्ब्युलन्सवाल्याने हात केला, मी थांबले नाही. डांबरी संपली की ओहोळापर्यंत सगळा उतार आहे, लाल मातीचा. उतरताना पुढच्या चाकांना जोर लागत नाही. ओहोळाला पाणी चाकाच्या निम्म्यावर होतं, तळाला दगड, त्यामुळे पलीकडे गेले.

जानकी ओटीवर होती. चेहरा राखेसारखा, हिरड्यांतून रक्त यायला लागलेलं. मला बघून म्हणाली, "ताई, नर्सरीत पानी घाला हां." काशिनाथ तिला घेऊन मागे बसला, तिचं डोकं त्याच्या मांडीवर. पाड्यावरचे चार-पाच बाप्ये ढकलायला जीपमागून पळत आले. माझ्या डावीकडची सीट रिकामी होती.

ओहोळ पार केला आणि चढाच्या तोंडाशीच मागची चाकं रुतली. जागच्या जागी गरागरा फिरायला लागली. मी उतरले, उजवा हब फिरवला, परत आत येऊन छोटा गिअर ओढला. घाईत एवढंच सुचलं. डावा हब मी विसरले होते. विसरले म्हणजे, तो माझा नव्हताच ना कधी... आयुष्यभर तो दुसऱ्या कुणीतरी फिरवला होता. ते लक्षात येऊन पुन्हा उतरायला मी पाय बाहेर काढला, तेवढ्यात डावीकडच्या मडगार्डवर दोन थापा पडल्या.

धप्. धप्.

वाटलं, बाप्यांपैकी कुणीतरी फिरवला. पाय आत घेतला आणि क्लच सोडला. जीप पुढून उचलल्यासारखी झाली, पुढच्या चाकांनी चिखल धरला. मी त्या चढावर ही जीप कितीतरी वेळा चालवली आहे, फोर व्हील लागलेली हाताला कळते. स्टिअरिंग जड होतं, पुढून ओढ बसते. ती ओढ होती. जीप थेट डांबरीवर येऊन थांबली. जानकीला ॲम्ब्युलन्समध्ये चढवलं आणि ती मनोरच्या दवाखान्याकडे गेली. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं तिथले डॉक्टर नंतर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप परत द्यायला गेले. दामू दारातच कंबरेवर हात ठेवून उभा होता.

"काय ताई, गाडी न सांगता नेली ती नेली, लाल फडकं कशाला सोडलं? काम अर्धं असलं का मी फडकं बांधतो, आख्ख्या बेटेगावला म्हाईत हाय!"

मी देवीचं समजून त्याच्या ऑइलच्या फडक्याला हात जोडले होते. एरवी दामूने ही गोष्ट महिनाभर पुरवली असती. पण मी चढाचं सांगितलं तसा त्याचा चेहरा बदलला.

"फोर व्हीलवर चढवली? मला येड्यात काढू नका, ताई."

त्याने मला आत नेलं. भिंतीशी, दोन खुंट्यांवर, पुढचा शाफ्ट आडवा ठेवलेला होता. स्वच्छ पुसलेला, दोन्ही टोकांचे सांधे खोलून ठेवलेले. पार्ट यायचे होते म्हणून त्याने तो दोन दिवस आधीच काढला होता. मग तो जीपखाली शिरला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. मीही वाकून पाहिलं. जिथे शाफ्ट बसतो तिथे माती जाऊ नये म्हणून त्याने प्लास्टिकची पिशवी सुतळीने बांधली होती. पिशवी तशीच होती. म्हणजे पुढच्या चाकांकडे जोर जायला वाटच नव्हती.

डावा हब मात्र लॉक केलेला होता.

"तुमी केला?"

"नाही."

"मी पन नाय," दामू म्हणाला आणि चहा सांगायला निघून गेला. इतकं कमी बोललेला दामू मी आजवर पाहिला नव्हता.

नवऱ्याला सांगितलं. "पाच जण ढकलत होते, त्यांनीच चढवली. बाकी तुझी घाबरगुंडी," तो म्हणाला. पटण्यासारखं होतं. म्हणून पाड्यावर गेले तेव्हा बाप्यांना विचारलं. ते हसायलाच लागले. "आमी कवा ढकलली? हात लावला आन् गाडी सुटली. आमी समदे तोंडावर पडलो चिखलात." मग हब कुणी फिरवला, विचारलं. हब म्हणजे काय, हेच त्यांच्यात कुणाला माहीत नव्हतं. काशिनाथ तर जानकीला धरून आतच होता.

शेवटी जानकीलाच विचारलं. दवाखान्यात ती उठून बसायला लागली होती, पायाची सूज उतरत होती. मी थापांचं काहीही न सांगता एवढंच म्हटलं, "चढावरचं काही आठवतं का गं?"

"आठवतं ना," ती म्हणाली. "मी उठत होते उतरायला. पुढं कुनी नव्हतं ना, मंग डावी बाजू माजीच. तर बापू बोलले, तू बस पोरी. आज तुजी बाजू मी करतो."

मी बाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहिले. मला रडू आवरेना.

विषाच्या ग्लानीत, भीतीत माणसाला काहीही दिसतं, हे मला कळतं. जानकीचं मी तिथेच सोडून देईन. थापा माझ्या कानांचा भास म्हणा. हब दामूच फिरवून विसरला असेल म्हणा. पण शाफ्ट भिंतीवर असताना जीप चढली कशी, याचं उत्तर दामूकडे नाही, माझ्या नवऱ्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. नवरा हल्ली रविवारी हे सदर मोठ्याने वाचायला सांगत नाही.

शाफ्ट बसला, हँडब्रेक धरायला लागला, लाइट एका दिशेला आले. जीप पास झाली. भंगाराचं नाव घरात निघत नाही.

जानकीला बरी झाल्यावर मीच घरी सोडायला गेले. पुढे बसली होती. ओहोळ आला तशी मी थांबले. "तू बस, मी करते दोन्ही," म्हटलं, तर तिने ऐकलंच नाही. अजून जरा लंगडत होती. उतरली, वाकली, डावा हब फिरवला आणि मडगार्डवर दोन थापा मारल्या.

मी क्लच सोडला नाही. तिने काचेतून आत बघितलं, "काय झालं, ताई?"

काही नाही म्हटलं. तिच्या थापा हलक्या होत्या, बाईमाणसाच्या हाताच्या. त्या दिवशीच्या जड होत्या.