हबीबमियांच्या नावाचा रस्ता

सत्तावन्न साली पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत बाजाराच्या रस्त्याला हबीबमियांचं नाव द्यायचा ठराव आला. मुसलमान समाजाचे हे वडीलधारे पुढारी नुकतेच वारले होते. सभासद पुंडलिकराव म्हणाले, "जुनं नाव काय वाईट आहे?"

दाराशी उभी असलेली त्यांची विधवा भावजय देवकाबाई पदर सावरत आत आली. आजवर सभेत बाईमाणूस आलं नव्हतं.

"भाऊजी, हैज्याची साथ आली त्या साली तुमच्या भावाले खांदा द्याले घरचं कोणी आलं नाही. तुमीबी दार लावून बसले. हबीबमियांनं उचललं त्यायले."

पुंडलिकरावांनी मान खाली घातली, आणि सगळ्यांआधी त्यांचाच हात वर गेला. ठराव मंजूर झाला. देवकाबाई तशीच हबीबमियांच्या बायकोला सांगायला निघाली.