उक्व्याचं पाणी

"नेबर, पाणी गरम आहे, ये!"

रविवारी दुपारी ही हाक आली की समजायचं, शेजारच्या बाई गॅलरीत उक्व्याचं पातेलं घेऊन उभ्या आहेत. नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पच्या आमच्या इमारतीत सगळ्या घरांची दारं एकाच लांब गॅलरीत उघडतात.

बाई नायजेरियाच्या, तिथल्या इग्बो समाजातल्या. उक्वा म्हणजे तिकडच्या, आपल्या फणसाच्या भाऊबंदांतल्या एका फळाच्या बिया. चव आठळ्यांच्या जवळची. पापडखारासारखा खडा टाकून त्या शिजवायच्या आणि वरचं दाटसर पाणी आधी कपात ओतायचं. पातेल्याभोवती असतील त्यांनी ते तिथेच, उभ्याउभ्या प्यायचं.

"एकटी पिऊ? वेडी आहे का मी?" त्या म्हणायच्या.

लॉकडाऊन होता. त्यांची मुलगी युट्रेख्टला नर्स. आपल्यामुळे आईला लागण नको म्हणून ती येत नसे. उरलो मी.

मी दार किलकिलं करून म्हणायचो, "कॉल आहे हो, आत घेऊन जातो." तुम्ही म्हणाल, रविवारी कसला कॉल? त्यांनाही ते कळत होतं. "तुझा बॉस चर्चला जात नाही वाटतं!" असं म्हणून कप पायपुसण्यावर ठेवायच्या नि मागे सरायच्या.

सुरुवातीला मी ते पाणी बेसिनमध्ये ओतलं. पुढे प्यायलो, आवडलं. तरी बाहेर गेलो नाही.

रिकामं भांडं परत द्यायचं नाही, ही आईची शिकवण मात्र पाळली. कपात चिवडा भरून त्यांच्या दाराशी ठेवायचो, बेल वाजवून पळायचो. वाटायचं, झाली फिट्टंफाट.

एकदा खिडकीतून म्हणाल्या, "नेबर, तुझा चिवडा गुणी आहे. न चुकता येतो."

मी हसलो. आतूनच.

हिवाळ्यात त्यांना ताप आला. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा मी पडद्याआड उभा होतो. त्या परत आल्या नाहीत.

घर रिकामं करायला मुलगी आली. तिने माझी बेल वाजवली. आवाज थेट आईचा.

"नेबर तुम्हीच ना? आई फोनवर सांगायची, काळजी नको करूस, रविवारी नेबर असतो. दोघं गॅलरीत उभं राहून पाणी पितो, गप्पा मारतो. त्या भरवशावर मी ड्युटी करू शकले."

मी उंबरठ्याच्या आतच उभा होतो.

"काय बोलायचात हो एवढं?" तिने विचारलं. तिचे डोळे भरले होते.

मी बाहेर आलो, दार ओढून घेतलं आणि तिला बराच वेळ, कधीच न झालेल्या त्या गप्पा सांगत राहिलो.