सीएचा अभ्यास

दोन हजार पाच साली आम्ही इंग्लंडमध्ये मेडनहेडजवळ फ्लॅट बघायला गेलो, तर ती इमारत म्हणजे पूर्वीचं वेड्यांचं इस्पितळ निघालं. एकोणिसाव्या शतकात इथल्या डॉक्टरने भांडून रुग्णांच्या बेड्या काढायला लावल्या, असं पाटीवर होतं.

“काय माणूस असेल!” नवरा गहिवरून म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. पुण्यात माझा धाकटा दीर मागच्या खोलीत कोंडलेला होता, दाराला बाहेरून कडी. शेजाऱ्यांना सांगायचं, सीएचा अभ्यास करतोय. सीएला वर्षानुवर्षं लागतात, त्यामुळे कुणाला संशय येत नव्हता.

“आणि आपल्या घरची कडी कोण काढणार?” मी विचारलं.

घरी आल्यावर त्याने माझ्यासमोरच आईला फोन लावला. “काय गं, अभ्यास कसा चाललाय त्याचा?”