शुक्रवारची नोंद

प्रयोगशाळेत सगळे त्यांना नोंदकाका म्हणत. एकतीस वर्षं ते तिथे मदतनीस होते. अक्षर मोत्यासारखं आणि त्या अक्षराचा गर्व हत्तीएवढा! नवीन कोणी रुजू झालं की काका त्याला आधी आपली नोंदवही दाखवत, मग स्वच्छतागृह कुठे आहे ते.

तिथे ग्राफीन बनायचं. ग्राफीन म्हणजे कार्बनचा इतका पातळ पापुद्रा, की त्याहून पातळ फक्त साहेबांचा संयम. पापुद्र्यांमध्ये भोकंभोकं राहिली, तर त्यात वीज भरपूर साठते. पापुद्रे चिकटले, तर भिजलेल्या वहीसारखा गठ्ठा होतो, तो कोणाच्या बापाच्या कामाचा नाही. काकांचं काम सोपं. काळा लगदा धुवायचा, ट्रेमध्ये ओतायचा, ओव्हनमध्ये साठ अंशांवर सहा तास वाळवायचा आणि तसं लिहायचं.

एका शुक्रवारी दुपारी घरून फोन आला. नवा जावई पहिल्यांदाच घरी येणार होता. "पाचच्या आत या, नाहीतर त्या ओव्हनमध्येच संसार मांडा," बायकोने बजावलं. ओव्हन चालू ठेवून जायचं नाही, असा नियम. काकांनी ट्रे फ्रीजरमध्ये ढकलले आणि वहीत लिहिलं: ओव्हन, साठ अंश, सहा तास. सोमवारी येऊन खरं करून टाकू, हाय काय नि नाय काय!

सोमवारी बघतात तो ट्रेमध्ये दगड! ओव्हनमध्ये टाकला तर पाणी गळणार आणि बोभाटा होणार. म्हणून त्यांनी ट्रे कोपऱ्यातल्या व्हॅक्यूम ड्रायरमध्ये सरकवले. तिथली हवा पंप ओढून घेतो, आणि बर्फ न वितळताच वाफ होऊन निघून जातो. दोन दिवसांनी हातात आला स्पंजासारखा हलका, काळा तुकडा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत काकांनी तो पुढे पाठवला.

त्या तुकड्याने नेहमीच्या चौपट वीज साठवली. साहेबांचे पाय जमिनीला लागेनात. तीन आठवड्यांत त्यांचा सिद्धांत तयार झाला: ओव्हनच्या मंद उष्णतेने ग्राफीनला आपोआप भोकं पडतात. परिषदेत टाळ्या पडल्या. त्यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या ताईचा सगळा प्रबंध त्या तुकड्यावर उभा राहिला. अडचण एवढीच, की तसा तुकडा पुन्हा काही बनेना.

ताई काकांची वही समोर ठेवून सगळं तंतोतंत करायची आणि हाती गठ्ठा यायचा. असं एकदा नाही, दोनदा नाही, पाच महिन्यांत तीस वेळा. दहा तारखेला परीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर तुकडा ठेवता आला नाही, तर तिची पाच वर्षं पाण्यात.

काकांना संशय नव्हता असं नाही हं. पण निवृत्तीला चार महिने राहिले होते आणि वहीला डाग लागू नये, एवढीच इच्छा उरली होती. म्हणून ते मूग गिळून बसले. मग एका दुपारी ताई सिंकपाशी ट्रे घासता घासता रडताना दिसली.

"माझ्याच हातात खोट आहे, काका," ती म्हणाली. "तुमची वही तर कधी चुकत नाही."

काका घरी गेले ते उतरलेल्या तोंडाने. बायकोने सगळं काढून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "जावयासाठी खोटं लिहिलंत? अहो, त्या दिवशी जावई आलेच नव्हते!"

"ते मला लिहिताना कुठे ठाऊक होतं?"

"उद्या तोंड उघडा. नाहीतर मी येऊन सांगते."

सकाळी काकांनी ताईला सांगितलं. तिने हातातला ट्रे खाली ठेवला. मग म्हणाली, "तीस वेळा, काका. तीस वेळा मी स्वतःला मूर्ख म्हटलं." काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती ओरडली असती तर सोसलं असतं. पण तिने नुसता ट्रे उचलला आणि फ्रीजर उघडला. चार दिवसांनी तस्साच तुकडा हातात होता.

साहेबांच्या कानावर गेलं, तेव्हा ते आधी पांढरे पडले, मग सावरले. हुशार माणूस! "असं करू, काका. त्या तारखेखाली लिहा: साहेबांच्या सूचनेवरून गोठवले. तुमचीही अब्रू राहील, माझीही."

ताई खाली बघत उभी होती. प्रबंध परीक्षकांपुढे जाण्याआधी त्यावर साहेबांची सही लागणार होती.

काकांनी पेन उघडलं. "साहेब, माझ्या एका खोट्या ओळीने या पोरीचे पाच महिने खाल्ले. दुसरी ओळ कोणाचे खाईल, ते निस्तरायला मी इथे नसेन." त्यांनी जुनी नोंद खोडली आणि लिहिलं: फ्रीजर, सोमवारी व्हॅक्यूम ड्रायर. घरी जायची घाई होती.

ताईने त्यांच्या हातातून पेन घेतलं. खाली लिहिलं: ओव्हनमध्ये तीस वेळा करून पाहिलं, साहेबांचा सिद्धांत चुकीचा आहे. मग वही साहेबांपुढे सरकवली.

"परीक्षकांना हेच पान दाखवणार आहे," ती म्हणाली. "सही करा, सर."