मिस्त्रींपासून लपवलेली गाडी

दसऱ्याच्या सकाळी मी आमच्या नव्या विजेच्या गाडीच्या चार्जिंगच्या तोंडात हळद-कुंकू आणि अक्षता वाहिल्या. पूर्ण शुद्धीत, अंघोळ करून, मनोभावे वाहिल्या.

माझी बाजू ऐकून घ्या. जुन्या पेट्रोलच्या गाडीची पूजा मी चौदा वर्षं बॉनेट उघडून, इंजिनाला कुंकवाचं बोट लावून करत आलो. या गाडीचं बॉनेट उघडलं तर आत नुसतं काळं प्लॅस्टिकचं झाकण, एखाद्या मोठ्या जेवणाच्या डब्यासारखं. डब्याला काय हात जोडायचे? मग मी पुढची चार्जिंगची झडप उघडली. आत गोल गोल खळगे आणि त्यांत चकचकीत पिना. मनात म्हटलं, हिला जे काही मिळतं ते इथूनच मिळतं, तर मान इथंच. कुंकू लावलं, वर चिमूटभर अक्षता टाकल्या. आतून बायकोनं विचारलं, "झाली का पूजा?" मी म्हणालो, "अगदी साग्रसंगीत!"

दुपारी श्रीखंड-पुरी झाली. संध्याकाळच्या आत पैठणला पोचायचं होतं, सासऱ्यांना सोनं द्यायला. बॅटरीत जेमतेम पंधरा टक्के. चार्जर लावायला गेलो तर तो आत बसेना. ढकलला, फिरवला, फुंकर मारली. फुंकरीनं कुंकू उलटं माझ्याच चष्म्यावर आलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. तिकडून एक बाई अदबीनं म्हणाल्या, आज सणाची सुट्टी, परवा माणूस पाठवू, आत नेमकं काय अडकलंय? मी म्हणालो, "धान्य." बाईंनी ते दोनदा विचारून लिहून घेतलं.

बायको दारात उभं राहून सगळं ऐकत होती. म्हणाली, "मग मिस्त्रींकडं का नाही नेत?"

इथं माझी खरी पंचाईत होती.

मिस्त्री म्हणजे आमच्या जुन्या गाडीचे डॉक्टर. चिकलठाण्याला, जालना रोडच्या आतल्या अंगाला त्यांची पत्र्याची शेड आहे. चौदा वर्षं ती गाडी त्यांच्याच हाताखाली होती. एकदा पैठणच्या वाटेवर, बिडकीनच्या अलीकडं भर उन्हात गाडी बंद पडली, सासूबाई आत, त्यांचं बीपी वर. फोन केल्यावर मिस्त्री स्कूटरवरून आले ते नवा फॅनबेल्ट हारासारखा गळ्यात घालून. सासूबाई अजूनही त्यांना 'ते हारवाले' म्हणतात.

याच मिस्त्रींनी गेल्या वर्षी गाडीखालून पडल्या पडल्या मला विचारलं होतं, "साहेब, ह्या करंटच्या गाड्या आल्या तर माझ्या शेडचं काय व्हणार?" मी म्हणालो होतो, "अहो, त्याला वीस वर्षं आहेत." आणि वर्षाच्या आत मी स्वतःच ती घेऊन मोकळा झालो. जुनी गाडी शोरूमलाच बदल्यात दिली. मिस्त्रींना कळवलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. कामावर जाताना त्यांची शेड वाटेत लागते, म्हणून मी मागच्या गल्लीनं जाऊ लागलो. पन्नाशीचा माणूस, घरात दोन पोरांना खरं बोलायला शिकवणारा, आणि एका गॅरेजला चुकवून गल्ल्याबोळांतून फिरतोय.

पण सासऱ्यांचं सोनं थांबणार नव्हतं. निघालो.

शेडमध्ये मिस्त्रींनी सगळी हत्यारं सतरंजीवर ओळीनं मांडून पूजली होती. पाने, जॅक, हातोडी, सगळ्यांवर झेंडू. आम्हाला बघून उठले.

"या साहेब. या वहिनी. नवी गाडी व्हय?"

"हो, म्हणजे... अलीकडंच घेतली."

"दोन महिनं झालं," मिस्त्री म्हणाले. "रोज मागच्या गल्लीनं जाता. आवाज येत नाय, पण दिसती की!"

बायको माझ्याकडं बघत होती. मी झेंडूकडं बघत होतो.

झडप उघडून त्यांनी आत डोकावलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग पुन्हा आत. "वहिनी, ह्ये कुणी केलं?"

"विचारू नका," बायको म्हणाली.

"लई भक्ती," मिस्त्री म्हणाले. "गाडी बंद करा. चावी वहिनींकडं द्या. तुमच्याकडं नको."

दसऱ्याला पूजलेल्या हत्याराला ते हात लावत नाहीत. म्हणून त्यांनी पुड्यातून एक उदबत्ती काढली, तिच्या काडीच्या टोकाला चिकटपट्टी उलटी गुंडाळली आणि सोनाराच्या सावकाशीनं एकेक खळगा तपासला. तांदळाचे तीन दाणे निघाले. ते त्यांनी तळहातावर घेऊन मला दाखवले. दाढीच्या जुन्या कोरड्या ब्रशनं कुंकू झाडलं. काम पंधरा मिनिटांचं, पण तेवढ्यात ते गाडीभोवती तीनदा फिरून आले. खाली वाकून बघितलं, टायरवर थाप मारली.

गप्प बसवेना म्हणून मी बोलू लागलो. सरकारनं रोड टॅक्स माफ केलाय, सवलत आहे, धूर कमी होतो, आता गुलमंडीच्या गर्दीत अडकलो तरी आपल्या गाडीचा धूर कुणाच्या नाकात जात नाही. भाषण बरं जमलं होतं.

"बरोबर केलं तुम्ही," मिस्त्री म्हणाले. "धूर सगळ्यात जास्त मीच खाल्लाय. त्या गाड्या गेल्या तर माझ्या छातीला बरंच हाय. सरकार सूट देतंय, द्यायलाच पायजे, त्याबिगर कोण घेणार? पण तुम्हाला घ्यायला सूट, कंपनीला बनवायला सूट. आणि मला? हिच्यात ऑइल नाय, प्लग नाय, क्लच नाय. मी काय काचा पुसू?"

माझ्याकडं टॅक्सची माहिती होती, याची नव्हती.

त्यांनीच पुढं सांगितलं. विजेच्या गाड्यांच्या दुरुस्तीच्या एका क्लासला नाव घातलंय, संध्याकाळी असतो. पण तिथं गाडी एक आणि शिकणारे तीसजण, जवळ जायला मिळत नाही. दिवाळीनंतर प्रत्यक्ष कामाची परीक्षा. "पास झालो तर पाटी बदलीन. नाय झालो तर शेड भाड्यानं देऊन भावाच्या शेतात जाईन. कापूस येचायला बी शिकावंच लागंल की." हसले, पण नजर गाडीवरच होती. "साहेब, दिवाळीपतोर दर रविवारी दोन तास ही इथं लावता का? बॅटरीला हात लावणार नाय. नारिंगी वायर, म्हंजी जबर करंटवाली, दिसली की हात खिशात. नुसते ब्रेक, चाकं, कूलंटच्या नळ्या बघायच्यात. वाट बघत व्हतो, कुणीतरी आणंल म्हणून."

आणि मी, ज्याच्या गाडीतून त्यांनी आत्ताच तांदूळ वेचले होते, तो काय म्हणालो? "वॉरंटीचं बघावं लागेल. कळवतो."

"व्हय, व्हय. कळवा," मिस्त्री म्हणाले आणि झडप पुसू लागले. ती आधीच स्वच्छ होती.

निघताना त्यांनी आपट्याची पानं दोघांच्या हातात दिली. मी वाकून नमस्कार केला तर मागं सरले. "अहो, मी बारका हाय तुमच्यापेक्षा!" चहाला थांबा म्हणाले, पण मी घाई सांगून निघालो.

घरी तासभर चार्ज करून पैठणची वाट धरली. गाडी इतकी गुपचूप चालत होती की मला माझेच विचार ऐकू येत होते, आणि ते काही ऐकण्यासारखे नव्हते. जुन्या गाडीतून पोरांना शाळेत सोडलं, सासूबाईंना दवाखान्यात नेलं, आईला शेवटचं गावी नेऊन आणलं. प्रत्येक वेळी ती गाडी सुरू झाली. त्याबद्दल मी आजवर गाडीला धन्यवाद दिले होते, शोरूमला दिले होते, यंदा तर सरकारलाही दिले. आणि ते योग्यच आहे. सवलत नसती तर ही गाडी माझ्या दारात आलीच नसती. पण बिडकीनच्या उन्हात स्कूटरवरून आलेल्या माणसाचे मी साधे आभारही धड मानले नव्हते. उलट त्याला चुकवत होतो.

बिडकीन मागं पडलं तेव्हा मी बायकोला म्हणालो, "वॉरंटीचं खरंच बघायला हवं. नाही का?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी वाचलंय ते सगळं. नुसतं बघायला कुणाची ना नाही. तुम्ही रविवारी गाडी त्यांच्याकडं नेऊन लावा, पुढच्या रविवारी पण लावा, आणि परीक्षेच्या दिवशी त्यांना लागली तर तेव्हाही द्या. चौदा वर्षं ती जुनी गाडी त्यांनीच चालवली, तुम्ही नुसतं स्टेअरिंग धरून बसत होतात. आणि अहो, या वेळी चहा पिऊन या. आज पातेलं चढवलं होतं त्यांनी, तुम्ही बघितलंसुद्धा नाही."